मिठागरावरची अकरा मिनिटं

१
छापील वेळ १२.०० : ज्येष्ठ संगीतकार त्र्यंबक निमकर यांचा सत्कार
प्रत्यक्षात १२.५० : काहीच नाही

प्रोजेक्टर चालवणाऱ्या प्रेमने पत्र्याचा डबा उघडला. आत ड्राइव्हचं निळं पाऊच होतं. पाऊचमध्ये ड्राइव्ह नव्हता.

"सकाळी इथंच ठेवलेला," तो म्हणाला. "मी स्वतः ठेवलेला."

त्याच्यासमोरच्या मुलीने पाऊच उलटं केलं, झटकलं, परत सरळ करून आत बघितलं. माणसं असंच करतात. मी, दर्शना ओव्हाळ, विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करते. रिकाम्या कपाटात दुसऱ्यांदा बघणारी माणसं एकोणीस वर्षं पाहतेय.

पण आज मी रजेवर होते. चित्रपट महोत्सवाच्या प्रोजेक्शनच्या खोलीत आले होते ती भांडायला. एक वाजता एक सिनेमा होता, जो पुन्हा कुठे बघायला मिळणार नव्हता. त्याच्यासाठी डोंबिवलीहून सकाळी आठला निघाले. मिळालं काय? दोन स्वागताची भाषणं. 'मराठी सिनेमाला प्रेक्षक का येत नाहीत' हा परिसंवाद, तोही प्रेक्षकांना पाऊण तास दाराबाहेर उभं करून. मग घोषणा : प्रमुख पाहुणे माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेत, सत्कार आता पाच वाजता. आणि माझा सिनेमा? कुणालाच माहीत नाही.

"आजीला काय सांगू मी आता?" मुलगी म्हणाली.

तिचं नाव कृतिका. राहायला दिव्याला. चाळीस वर्षांपूर्वी खाडीकाठच्या मिठागरांवर एका सिनेमाचं चित्रीकरण झालं होतं. सिनेमा विसरला गेला, त्यातलं एक गाणं राहिलं, आणि गाण्यामुळे निमकर मोठे झाले. पण रेकॉर्डिंगच्या आधी छायालेखकाने मिठागरावरच्या बायकांना सहज टिपलं होतं. त्या अकरा मिनिटांत एक बाई तेच गाणं गाते आहे. तीच चाल, तेच शब्द. कृतिकाची आजी. तीच अकरा मिनिटं या ड्राइव्हवर होती, आज सत्कारात दाखवायची.

"कॉपी?" मी विचारलं.

"लॅपटॉपमध्ये जागा नव्हती. आज संध्याकाळी करणार होते."

"मूळ रीळ?"

"स्कॅन करतानाच तुकडे पडले. लॅबवाले त्यांच्याकडची कॉपी पंधरा दिवसांनी पुसतात, आणि पार्सल तीन आठवडे गोदामात अडकलेलं." ती खाली बसली. "मॅडम, तुम्ही तपासणी करता म्हणालात ना आत्ता?"

मी काही म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. बहुतेक तोंडातून निघालं असावं.


२
छापील वेळ १.०० : माझा सिनेमा
प्रत्यक्षात १.१० : आवडाबाई

आजी तिसऱ्या रांगेत बसली होती. हिरवं लुगडं, पाय खुर्चीवर घेतलेले, मांडीवर महोत्सवाची पिशवी. आवडाबाई.

"गाण्यावर तुमचं नाव लागावं म्हणून आलात?" मी विचारलं.

"कनाचं नाव? ते हिचं चाललंय." तिने कृतिकाकडे हनुवटी उडवली. "मना शकूला बगाची हाय."

"शकू कोण?"

"माजी भईन. धाकली. त्या दिवशी आमी दोगी होतो मिठावर. सव्वीस वर्सांची गेली. फोटू नाय तिचा, येक पन नाय. आवाज ध्यानात हाय माज्या, तोंड नाय रवलं." ती थांबली. "येकदा बगाची. मंग तुमी काय ते नारल-बिरल वाटा."

कृतिका माझ्याकडे बघत राहिली. आजीला थेट मोठ्या पडद्यावर दाखवायचं म्हणून तिने आधी काहीच दाखवलं नव्हतं.

मी म्हातारीला सांगितलं, थोडा उशीर होईल. ती म्हणाली, "व्हवू दे. सकालपासून तेच चाललंय."


३
प्रेमची उत्तरं (प्रश्न तेच, जे कुणीही विचारेल)

हो, सव्वादहाला चालवून बघितला. आवाजासकट. पूर्ण.

नाही, खोलीला कुलूप नसतं. शाली, नारळ, बॅनर, सगळं इथंच ठेवतात. गोदाम समजतात लोक.

तीन जण आले. हरिहरकाका, म्हणजे महोत्सवाचे अध्यक्ष, शालींचा गठ्ठा न्यायला. काळुराम केणी, आपले प्रायोजक, त्यांच्या बिल्डिंगची जाहिरात लागते का बघायला. आणि निमकर सर. त्यांना एसी पाहिजे होता. अख्ख्या इमारतीत एसी इथलाच चालतो.

हो, मी चहाला गेलेलो. दोनदा. साडेअकराच्या आधीच, दोन्ही वेळा.

ताई, मी दिव्यातच राहतो. आवडाआजीच्या गल्लीत. मी कशाला घेऊ?


४
छापील वेळ १.४५ : भोजन
प्रत्यक्षात १.४५ : भोजन (हे मात्र वेळेवर)

निमकर ग्रीनरूममध्ये एकटे बसले होते. समोर ताट, हात न लावलेलं. भिंतीला टेकवलेल्या बॅनरवर त्यांचा हसरा फोटो आणि खाली सोनेरी अक्षरं : अमृतमहोत्सवी सत्कार.

"बहात्तर," ते म्हणाले. मी अजून काही विचारलंही नव्हतं. "मी बहात्तर वर्षांचा आहे. पत्रिकेत पंचाहत्तर, बॅनरवर पंचाहत्तर, त्या निवेदिकेच्या कागदावर पंचाहत्तर. सकाळपासून नऊ जणांना सांगितलं. सगळे म्हणतात, असू द्या सर, आधीच झाला सत्कार तर काय बिघडलं. अहो, माझी तीन वर्षं खाल्लीत तुम्ही!"

"चित्रफीत गायब झालीय, सर."

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर जे आलं ते मला नीट वाचता आलं नाही. सुटका म्हणावी तर सुटका, भीती म्हणावी तर तीही.

"तुम्ही ती बघितली होती?"

"नाही. आज बघणार होतो."

"तुम्ही खोलीत गेला होतात."

"थंडाव्याला. डब्यात काय आहे हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही." ताट बाजूला सारून म्हणाले, "एकच गोष्ट मी आज मागून घेतली. पावणेअकराला हरिहरला सांगितलं, त्या बिल्डरच्या हातून शाल घेणार नाही. ज्या मिठागरांनी मला गाणं दिलं, ती बुजवणाऱ्याच्या हातून नको. तो म्हणाला, ठीक, मी स्वतः देतो. फक्त केणींना ऐन वेळेपर्यंत कळू देऊ नका, बिथरतील."

'गाणं दिलं' हे शब्द मी मनात टिपून ठेवले.


५
काळुराम केणी पहिल्या रांगेत मधोमध बसले होते. अंगठ्या, पांढरे बूट आणि डोक्यावर गुलाबी फेटा. सत्कार आपल्याच हस्ते, या खात्रीने सकाळी नऊपासून बांधलेला.

"घाम येतोय, पण सोडत नाय," ते म्हणाले. "परत बांधणारा माणूस गेला ना खोपटला."

"चित्रफितीबद्दल विचारायचं होतं."

"मला माहितेय त्यात काय हाय. जुनी मिठागरं. मग कुणीतरी उठून विचारणार, आता तिथं काय हाय? तिथं माझे टॉवर हायत. परवानगी घेऊन बांधलेत."

"म्हणजे ती दाखवू नये असं तुम्हाला वाटत होतं."

"वाटत होतं. आत्ता पन वाटतंय. वाटायला काय लागतं?" त्यांनी मागे नजर टाकली. तिसऱ्या रांगेतून आवडाबाई त्यांच्याकडे एकटक बघत होती. केणींनी मान फिरवली. "माझी मावशी हाय ती. सहा वर्षं बोलत नाय आम्ही. तळं बुजवलं म्हणून. तळं माझ्याच सातबाऱ्यावर होतं."

मावशी. मी पटकन हिशोब केला. मग शकू?

विचारणार तोच माईकमध्ये खरखर झाली आणि कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत परिसंवाद सुरू केला.


६
हे प्रकरण तांत्रिक कारणामुळे पुढे ढकलण्यात आलं आहे.
(त्यात हरिहर गुप्ते यांची मुलाखत होती. मी चार वेळा गेले. ते चारही वेळा फोनवर होते. चारही वेळा त्यांनी हाताने 'पाच मिनिटं' अशी खूण केली.)


७
छापील वेळ २.०० : परिसंवाद, 'चित्रपट संवर्धन : काल, आज, उद्या'
प्रत्यक्षात ३.०५

जुनी रिळं कशी जपावी यावर पाच माणसं बोलत होती. हरवलेला ड्राइव्ह त्यांच्यापासून शंभर पावलांवर कुठेतरी पडला असणार, आणि एक वक्ता म्हणत होता, "शासनाने धोरण आखावं." पाचांनाही शालीऐवजी तुळशीची रोपं दिली होती, पर्यावरण म्हणून. एकाच्या कुंडीतून पाणी गळून पँट भिजत होती. तो तरीही बोलत होता.

मी मोबाइल काढला. एका स्थानिक बातम्यांच्या पानावर मथळा दिसला. मी हसायला लागले. मग हसू थांबलं.

*ज्येष्ठ संगीतकार त्र्यंबक निमकर यांचा पंचाहत्तरीनिमित्त हृद्य सत्कार. अध्यक्ष हरिहर गुप्ते यांच्या हस्ते शाल, श्रीफळ प्रदान. मिठागरांवरील दुर्मिळ चित्रफीत तांत्रिक कारणामुळे दाखवता आली नाही, तरी रसिकांनी टाळ्यांच्या कडकडाटात उभं राहून मानवंदना दिली.*

सत्कार अजून व्हायचा होता. टाळ्यांचा कडकडाट व्हायचा होता. बातमी १२.०५ ला प्रसिद्ध झाली होती.

ड्राइव्ह नाही हे आम्हाला कळलं १२.५० ला.


८
दौलत

बातमी त्याने पाठवली होती. पन्नाशीचा वार्ताहर, गळ्यात तीन ओळखपत्रं, हातात दोन फोन.

"आधीच लिहावी लागते, मॅडम," तो जराही न लाजता म्हणाला. "कार्यक्रम संपल्यावर लिहिली तर पेपरात जागा राहत नाही. साडेअकराला पाठवली. बाराचा सत्कार होता ना? आता तुम्ही पाचला नेलात, त्यात माझी काय चूक?"

"चित्रफीत दाखवता आली नाही, हे साडेअकराला कसं कळलं?"

दौलतने फोनवरून नजर काढली. पहिल्यांदाच.

"मला मुद्दे येतात," तो म्हणाला. "फोनवर. मी लिहून घेतो. अध्यक्ष देतात, प्रायोजक देतात, कधी सत्कारमूर्ती स्वतःच देतात. ही अख्खी बातमी एकाच माणसाने एका दमात सांगितली, एवढंच सांगतो. नाव नाही सांगणार. एकदा नाव फोडलं की उद्यापासून कुणी फोन करत नाही."

"दौलतभाऊ, एका म्हातारीची बहीण आहे त्या ड्राइव्हवर."

"मग शोधा की तुम्ही," तो म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "बातमीतच आहे सगळं. मी शब्द बदलत नाही कुणाचा."


९
छापील वेळ ४.३० : चहापान

हरिहर गुप्ते शेवटी सापडले ते जिन्याखाली. खादीचा झब्बा घामाने पाठीला चिकटलेला. नुकतंच केणींना सांगून आले होते की शाल त्यांच्या हस्ते नाही. समजूत म्हणून केणींनाच एक शाल देऊन आले होते.

मी त्यांना बातमी वाचून दाखवली.

"एकाच माणसाचे मुद्दे आहेत," मी म्हणाले. "सत्कार अध्यक्षांच्या हस्ते, असं इथं लिहिलंय. केणींना हे चार वाजेपर्यंत माहीत नव्हतं. फेटा बांधून बसले होते. म्हणजे त्यांनी सांगितलेलं नाही. बदल फक्त दोघांना माहीत होता, तुम्हाला आणि निमकरांना."

"मग त्यांना विचारा."

"निमकरांनी 'पंचाहत्तरी' सांगितलं असतं?"

हरिहरकाकांनी डोळे मिटले.

"सकाळपासून तो माणूस बहात्तर, बहात्तर म्हणून ओरडतोय. स्वतःची बातमी सांगताना ती चूक त्याने ठेवलीच नसती. ठेवणारा असा, ज्याने पत्रिका छापली आणि नऊ जणांना सांगूनही ज्याच्या कानात ते शिरलं नाही."

काका मग पायरीवर बसले.

"सव्वादहाला मी मागे उभा होतो. प्रेम ती फीत चालवून बघत होता. बाई गायला लागली आणि पहिल्याच ओळीला मी चाल ओळखली. चाळीस वर्षं मी लोकांना सांगतोय, ही चाल त्र्यंबकाची. पाहुणा म्हणून बोलवायचं, पाटावर बसवायचं आणि ताटात हे वाढायचं? आपल्यात असं करतात का, दर्शनाताई? उद्या परत देणार होतो. देवाशप्पथ."

"त्यांना विचारलंत?"

"कशाला विचारायचं? त्यांचाच मान..."

"ते आज ती फीत बघायलाच आलेत, काका. बहुधा कबूल करायला आलेत."

मला राग यायला हवा होता. आला तो फक्त थकवा. दिवसभर एकही माणूस दुसऱ्याला एक साधा प्रश्न विचारायला तयार नव्हता.

"ड्राइव्ह कुठाय?"

"शालींच्या गठ्ठ्यात. सगळ्यात खालच्या पाकिटात."


१०
छापील वेळ ५.०० : सत्कार (सुधारित)
प्रत्यक्षात ५.२० : कपाट

सगळ्यात खालच्या पाकिटात शाल होती. फक्त शाल. वरच्या पाकिटातही शाल. कृतिकाने बावीसच्या बावीस पाकिटं फोडली आणि ग्रीनरूमभर शाली पसरल्या.

"दुपारी स्वयंसेवक मुलींनी कपाट आवरलं," काका पुटपुटले. "गठ्ठा उलटा ठेवला असणार. खालचं वर..."

"वरचं पाकीट कुणाला गेलं? परिसंवादाला तर तुळशी दिल्या."

काकांनी कपाळावर हात मारला. आज एकच शाल दिली गेली होती. त्यांनीच दिली होती. दोन्ही हातांनी, वाकून.

आम्ही धावलो. पहिली रांग मधोमध रिकामी होती. खुर्चीवर गुलाबी फेटा पडला होता.


११
काळुराम केणी पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडून उभे होते. पाकीट मागच्या सीटवर भिरकावलेलं, न उघडलेलं.

"शाल पायजे तुम्हाला? घ्या! घरी चाळीस हायत. माणसाला फेटा बांधून बसवायचं आणि मग सांगायचं, तू नको!"

"शाल नको, दादा," कृतिका धापा टाकत म्हणाली. "त्यात ड्राइव्ह आहे. आजीचा."

त्यांनी पाकीट उचललं, दाबून बघितलं. आत काहीतरी टणक होतं. ते त्यांनी छातीशी धरलं.

"म्हणजे मिठागरं. आता हे मी देऊ, आणि तुम्ही मला सगळ्यांसमोर चोर ठरवनार, तळंचोर."

आवडाबाई मागून हळूहळू येत होती. कृतिकाच्या खांद्याला धरून ती थांबली. सहा वर्षांनी पहिल्यांदा भाच्याशी बोलली.

"काल्या, तुजं तलं नाय रं त्याच्यान. तुजी आय हाय."

पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत राहिला. आमच्यामुळे रस्ता अडला होता.

"माझी आई?" केणी म्हणाले. "तिचा फोटो नाय कुठं."

"नाय. म्हनून तं आयले."

त्यांनी पाकीट फोडलं नाही. मावशीच्या हातात दिलं.


१२
छापील वेळ : नाही
प्रत्यक्षात ७.१०

सत्काराला निम्मा हॉल रिकामा झाला होता. प्रमुख पाहुणे माजिवड्याहूनच परत गेले होते. साडेआठला हॉल दुसऱ्या कार्यक्रमाला द्यायचा होता, आणि माझा सिनेमा रद्द झाल्याचं मला दारावरच्या कागदावरून कळलं.

निमकरांनी शाल घेतली नाही. माईक घेतला. "गाणं माझं नाही," ते म्हणाले. "मिठागरावर एक बाई गात होती. मी लिहून घेतलं, चालीसकट. तिचं नाव मी विचारलं नाही. आधी ती फीत लावा, मग मला जे म्हणायचं ते म्हणा."

प्रेमने दिवे घालवले.

पांढरे चौकोन, पाणी, पुन्हा पांढरे चौकोन. बायका फावड्याने मीठ ओढतायत. एक बाई पुढे येते, कमरेवर हात ठेवते आणि गायला लागते. खाली कृतिकाने लॅबला फोनवर सांगून घातलेली पट्टी : गायिका, आवडाबाई.

"नाव चुकलं गो," आवडाबाई मोठ्याने म्हणाली.

"काय, आजी?"

"गाते ती शकू हाय. मी मागं हाय, टोपली घेवून. ती बग, वाकलेली."

कृतिका पडद्याकडे बघत राहिली. लॅबने पाठवलेल्या एका फोटोवरून तिनेच ओळखलं होतं, आजीसारखंच नाक, आजीसारखंच कपाळ. "तू कधी बोलली नाहीस."

"तू इचारलंस कवा? तू सांगत होतीस, मी आयकत होती."

मीही विचारलं नव्हतं. दिवसभर सगळ्यांना प्रश्न विचारत फिरले आणि हा एक राहिला.

काळुराम केणी उठले होते. चालत चालत पडद्याच्या अगदी जवळ गेले. त्यांची सावली मिठावर पडली. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ, बसा खाली!" ते खाली बसले. फरशीवर, पांढऱ्या बुटांसकट.

पडद्यावरची बाई गाता गाता मध्येच थांबली. कॅमेऱ्याच्या डावीकडे, चौकटीबाहेर बघून तिने मारायला उगारतात तसा हात उगारला, आणि मग हसली. सगळा चेहरा हसला. पुन्हा गायला लागली.

फीत संपली. दिवे लागले. केणी तसेच बसून होते. वळले तेव्हा त्यांनी आमच्यातल्या कुणाकडेही बघितलं नाही, फक्त तिसऱ्या रांगेकडे.

"मावशी, ती मध्येच कुणावर हात उगारते?"

"तुज्यावर," आवडाबाई म्हणाली. "बांदावर बसलेलास, नागडा. मीठ चाटत."